वाक्य दुरुस्त कोणी करायचं?

परवा रात्री अमेरिकेतून माझ्या चुलतभावाचा फोन आला. अठरा वर्षांपूर्वी त्याने इथल्या सख्ख्या बहिणीसाठी केलेल्या अर्जाचा नंबर एकदाचा लागला. बहीण आणि मेहुणे ग्रीन कार्डावर जाऊ शकतात, धाकटा मुलगाही जाऊ शकतो. मोठी मुलगी मात्र नाही. अर्ज केला तेव्हा ती पहिलीत होती. आज ती चोवीस वर्षांची आहे. अर्जाच्या तपासणीत गेलेला काळ वजा केला तरी तिचं वय एकविसाच्या वरच जातं. त्यामुळे कायद्याच्या लेखी ती आता 'मूल' नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, तू जन्मभर पोरांना वाक्यं सोडवायला शिकवलंस. मी एक वाक्य पाठवतो, ते सोडवून दाखव." मी मराठी माध्यमात बी.ए. झालेली, इंग्रजीही मराठीतून शिकलेली. शब्दकोश घेऊन बसले. दोन दिवस गेले, पण त्या एका वाक्याने मला कायद्याबद्दल जे शिकवलं ते इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

वाक्य २००२ सालच्या कायद्यातलं आहे. सरकारी दिरंगाईमुळे मुलं एकवीस वर्षांची होऊन रांगेतून बाहेर पडतात, हा अन्याय दूर करावा म्हणूनच तो कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने केला. हेतू चांगलाच होता. त्या वाक्याचा मथितार्थ असा: हिशेबाअंती मुलाचं वय एकवीस किंवा जास्त भरलं, तर त्याचा अर्ज आपोआप योग्य त्या वर्गात जाईल आणि पहिल्या अर्जाची तारीख त्याच्याकडे कायम राहील.

वाचताना सरळ वाटतं ना? मलाही वाटलं. पण 'योग्य तो वर्ग' म्हणजे कोणता? मामाने भाचीसाठी अर्ज करावा असा वर्गच त्या कायद्यात नाही. आईला ग्रीन कार्ड मिळालं की आई मुलीसाठी अर्ज करू शकते, पण तो अर्ज नवा आणि अर्जदारही नवा. मग 'आपोआप' कुठे राहिलं? म्हणजे वाक्याचा पहिला भाग सगळ्या मुलांना कवेत घेतो आणि दुसऱ्या भागातलं क्रियापद त्यांतल्या थोड्यांनाच लागू पडतं. वहीत असं वाक्य आलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती.

हे वाक्य २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं. एल साल्वादोरच्या एका बाईचा मुलगा तिची पाळी येण्याआधीच एकवीस वर्षांचा झाला होता. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला, आणि जिंकलेल्या पाचांमध्येही कारणांवर एकमत नव्हतं! न्यायमूर्ती एलेना केगन यांचं म्हणणं थोडक्यात असं की वाक्याचे दोन भाग दोन दिशांना बघतात, आणि अशा वेळी सरकारी खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल तर तो मान्य करावा. खात्याने अर्थ संकुचित लावला होता, तोच टिकला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधात लिहिलं की वाक्य पुरेसं स्पष्ट आहे, सगळ्या मुलांना लाभ द्यायला हवा. एकाच वाक्याचे नऊ शिकलेल्या माणसांनी इतके अर्थ काढले.

कायदा संदिग्ध असेल तर खात्याचं ऐकायचं, हे तत्त्व १९८४ सालच्या शेवरॉन खटल्यापासून चालत आलं होतं. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं. यापुढे अर्थ न्यायाधीशांनी स्वतः लावायचा. भावाला वाटलं, आता भाचीची केस पुन्हा उभी राहील. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की जुन्या तत्त्वावर दिलेले आधीचे निकाल केवळ त्या कारणाने उलटणार नाहीत. झालं! वाक्य तेच आणि निकालही तोच.

भावाचा राग न्यायाधीशांवर आहे. "माणुसकी म्हणून तरी मुलीच्या बाजूचा अर्थ लावायचा!" मला ते पटत नाही. भावंडांच्या वर्गात वर्षाला ६५,००० व्हिसा असतात, आणि त्यातही एका देशाला किती द्यायचे यावर बंधन. हा आकडा वाढत नाही. आपली भाची जुन्या तारखेसह पुढे आली, तर रांगेत मागे उभी असलेली दुसऱ्या कुणाची तरी मुलगी एक पाऊल मागे जाते. कुणाला पुढे घ्यायचं हा निवाडा लोकांनी निवडून दिलेल्यांनी करायचा असतो, आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यायची असते. न्यायाधीशाने वाक्यात नसलेला अर्थ आपल्या सोयीने घातला तर आज आपल्याला गोड लागेल. उद्या दुसरा न्यायाधीश उलटा अर्थ घालेल, तेव्हा काय म्हणणार?

माझं मत असं, की चुकीचं वाक्य लिहिलं गेलं हा मोठा दोष नव्हेच. रात्री उशिरापर्यंत तडजोडी करून लिहिलेल्या मजकुरात चूक राहणारच. दोष आहे तो चूक दाखवून दिल्यावरही वही परत न उघडण्याचा.

आणि ती उघडता येते! अॅलाबामातल्या गॅड्सडेन गावी गुडइयरच्या टायर कारखान्यात लिली लेडबेटर नावाच्या बाई १९७९ पासून १९९८ पर्यंत काम करत होत्या. त्याच कामाला पुरुषांना जास्त पगार मिळतो हे त्यांना फार उशिरा, एका निनावी चिठ्ठीतून कळलं. २००७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पगार ठरला तेव्हापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. म्हणजे माहीत नसलेल्या अन्यायाची तक्रार वेळेत करायची! न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपलं विरोधी मत भर न्यायालयात वाचून दाखवलं आणि आता काँग्रेसने कायदा सुधारावा असं सुचवलं. दोन वर्षांच्या आत, २९ जानेवारी २००९ ला, अध्यक्ष ओबामांनी दुरुस्तीवर सही केली. भेदभावाचा प्रत्येक पगार हातात पडला की मुदत नव्याने सुरू होईल, असं आता कायद्यातच आहे. त्या बाईंना स्वतःला त्यातून पैसे मिळाले नाहीत. पण वाक्य दुरुस्त झालं, आणि पुढच्या बायकांची सोय झाली.

आप्रवासाच्या कायद्याबाबत मात्र वही बंदच आहे. २०१३ साली सिनेटने मोठी दुरुस्ती ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केली, खालच्या सभागृहाने ती मतालाच घेतली नाही. (त्यात भावंडांचा वर्गच बंद करायची तरतूद होती, म्हणजे आमच्या घराला ती आवडली नसतीच. पण निदान निर्णय तरी झाला असता.) नोकरीच्या वर्गातली देशवार मर्यादा काढण्याचं विधेयक २०१९ साली खालच्या सभागृहात मंजूर झालं. २०२० च्या डिसेंबरात सिनेटने वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपून ते बाद झालं.

ज्यांनी लिहायचं ते लिहीत नाहीत, म्हणून ज्यांनी फक्त वाचायचं त्यांच्यावर लिहिण्याची वेळ येते. आणि मग लोक वाचणाऱ्यालाच दोष देतात. शाळेत मी लाल रेघ मारून थांबत नसे. दुरुस्त केलेलं वाक्य मुलाने खाली पुन्हा लिहून आणेपर्यंत ती वही तपासली असं मी धरत नसे.

काल भावाला उत्तर पाठवलं. लिहिलं, "वाक्य सोडवलं. ते सुटत नाही, चुकलंय. पण ते दुरुस्त करायचं काम न्यायालयाचं नाही, तुमच्या काँग्रेसचं आहे. तू तिथला नागरिक आहेस, मतदार आहेस. वकिलाला फी देण्याआधी तुझ्या प्रतिनिधीला एक पत्र लिही." भाचीला या पत्राचा उपयोग होईल असं मला वाटत नाही, आणि तिला मी तशी खोटी आशाही लावली नाही. पण आज तिथल्या रांगेत कुणाची तरी पहिलीतली मुलगी आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी रांग आहे, त्यांना काय वाटतं ते जरूर कळवा.