गार्गांत्युआ आणि विधानसौध

ओनोरे दोमिए या तेवीस वर्षांच्या चित्रकाराने डिसेंबर १८३१ मध्ये पॅरिसमध्ये एक शिळाछाप व्यंगचित्र काढले. त्याचे नाव 'गार्गांत्युआ', म्हणजे राब्लेच्या कादंबरीतला खादाड राक्षस. चित्रात राजा लुई-फिलिप शौचकूपवजा सिंहासनावर बसला आहे. फाटकी प्रजा टोपल्यांत नाणी टाकते आहे, सेवक त्या टोपल्या लांब फळीवरून थेट त्याच्या मुखात रित्या करीत आहेत आणि आसनाखालून नेमणुकांचे कागद व पदके बाहेर पडत आहेत. अर्थसंकल्पावरील चर्चेतही करांच्या विनियोगाचे इतके नेमके वर्णन क्वचितच ऐकायला मिळते! दोमिएला सहा महिने कैद आणि पाचशे फ्रँक दंड झाला.

पण ही शिक्षा राजाने दिली नव्हती, राजाच्या मंत्र्यांनीही नव्हे. ती झाली ज्यूरीसमोर, उघड सुनावणीनंतर. दोमिएचा प्रकाशक शार्ल फिलिपाँ याने तर राजाचा चेहरा पायरीपायरीने नासपतीत बदलणारी चित्रे न्यायालयातच काढून दाखवली आणि 'आता नासपतीलाही शिक्षा करणार काय?' अशा आशयाचा बचाव केला. तोही दोषी ठरला खरा. तथापि अशा खटल्यांत ज्यूरी आरोपींना वारंवार सोडून देऊ लागली, तेव्हा सरकारला सप्टेंबर १८३५ मध्ये कायदेच बदलावे लागले. चित्रांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले आणि दोषी ठरवण्यास ज्यूरीचे साधे बहुमत पुरेसे झाले.

आपल्याकडे इतकेही कष्ट पडत नाहीत. 'आनंद विकटन'ने १९८७ मध्ये मंत्री व आमदारांवर मुखपृष्ठचित्र छापले, तेव्हा तामिळनाडू विधानसभेने संपादकांना तीन महिन्यांची कैद ठोठावली. मद्रास उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ती अटक बेकायदा ठरवून एक हजार रुपये भरपाई दिली. यापासून बेंगळुरूने धडा घेतला नाही. जून २०१७ मध्ये कर्नाटक विधानसभेने दोन नियतकालिकांच्या संपादकांना आमदारांविरुद्धच्या लेखनाबद्दल एक वर्ष कैद व दहा हजार रुपये दंड सुनावला. नोव्हेंबरमध्ये बेळगावच्या अधिवेशनात तो ठराव कायम केला. तक्रारदारांपैकी एक आमदार निर्णयाच्या वेळी स्वतः सभाध्यक्षपदी होते. लेखन बदनामीकारक होते की नव्हते, हा येथे मुद्दाच नाही. असेलही. त्यासाठी न्यायालये आहेत.

ज्या शहरात डॉ. एम. शिवराम यांचे 'कोरवंजी' हे विनोदी मासिक १९४२ पासून पाव शतक चालले, ज्यात तरुण आर. के. लक्ष्मण यांची चित्रे आली, त्या शहराच्या विधानसौधाला हे शोभणारे नव्हते.

या अधिकाराचा आधार आहे राज्यघटनेचा अनुच्छेद १९४ (३). विधिमंडळाने स्वतः कायदा करेपर्यंत ब्रिटिश कॉमन्स सभागृहाचे विशेषाधिकार लागू, अशी ती मूळ तात्पुरती सोय. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचा उल्लेख गेला. अधिकारांची संदिग्धता मात्र राहिली. खुद्द कॉमन्सने १८८० नंतर कुणालाही कोठडीत पाठवलेले नाही! कर्नाटक विधिमंडळाने आपले विशेषाधिकार लिखित कायद्यात बांधावेत आणि टीका, थट्टा वा बदनामीच्या तक्रारी त्यातून स्पष्टपणे वगळाव्यात. सभागृहाच्या कामकाजात प्रत्यक्ष अडथळा आणणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. असा मसुदा मांडण्यास सत्ताधारी पक्ष धजत नसेल, तर विरोधकांपैकी कुणीही तो खासगी विधेयक म्हणून आणू शकतो.