बीपीची गोळी रोजच का लागते?

वस्तीत बीपी तपासायला बसलो की एक वाक्य हमखास कानावर येते, "ताई, आता बरं वाटतंय, म्हणून गोळी बंद केली." दुसरेही ठरलेले, "एकदा सुरू केली की सवय लागते म्हणे." या समजुतीने आपल्या घरांचे फार नुकसान केले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाढलेला बीपी बहुधा दुखत-खुपत नाही. लकवा आला, किडनी बिघडली, की मग धावाधाव होते. म्हणून गोळी शरीरात काय करते ते समजून घेऊ.

आपले यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन रक्तात सोडत असते. मूत्रपिंडातून रेनिन नावाचे दुसरे प्रथिन येते आणि कात्रीसारखे त्याचा १० कड्यांचा तुकडा कापते. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर 'एसीई' नावाची आणखी एक कात्री असते. ती त्यातल्या २ कड्या छाटते. उरलेली ८ कड्यांची साखळी म्हणजे अँजिओटेन्सिन-२. ही किल्ली समजा. रक्तवाहिनीच्या स्नायूवर तिचे कुलूप असते, तेही प्रथिनच. किल्ली बसली की रक्तवाहिनी आवळते, शरीर मीठ धरून ठेवते आणि दाब वाढतो. सगळा खेळ आकाराचा आहे.

औषधही याच आकारावर चालते. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात एसीईला अडवणारे पदार्थ सापडले. त्यावरून कात्रीच्या खाचेत नेमके बसणारे कॅप्टोप्रिल बनवले गेले. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल त्याच घराण्यातली. टेल्मिसार्टन, लोसार्टन कुलूपच अडवून बसतात. अ‍ॅम्लोडिपिन स्नायूत कॅल्शियम सोडणारे प्रथिनाचे दार अडवते.

आता बघा, यकृत रोज प्रथिन बनवते, कात्री रोज चालते. गोळीचा असर मात्र ठरावीक वेळच टिकतो. म्हणून ती रोज लागते. याला सवय म्हणत नाहीत. बरे वाटते ते गोळी चालू आहे म्हणून.

'प्रिल' गोळीने कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. गरोदरपणात 'प्रिल' आणि 'सार्टन' दोन्ही चालत नाहीत. पाळी चुकताच दवाखान्यात सांगा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी. पापड, लोणचे, सुकी मासळी यांतलेही धरून.

पण नुसता उपदेश पुरत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला एका वेळी पाचच गोळ्या मिळाल्या, तर दर फेरीला तिचा खाडा पडतो, पगार कापला जातो. तिने गोळी सोडली तर तिला निष्काळजी कसे म्हणायचे? २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रही आहे, आणि एका वेळी महिन्याचे औषध देणे हा त्याचा भाग आहे. ही मेहेरबानी नाही.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बीपी मोजून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ३० दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. साठा नाही म्हणाले, तर चार बायांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.