गिऱ्हाइकाच्या घरी निसणा कोणता?

खिशातला घडीचा चाकू घ्यायला आलेले गिऱ्हाईक आता मूठ हातात घेण्याआधी पोलादाचे नाव विचारते. एस30व्ही आहे का, एम390 मिळेल का, मॅग्नाकट कधी येणार? ही जाण वाढली याचा आनंदच आहे. पण आपण, म्हणजे चाकू घडवणारे, विकणारे आणि धार लावून देणारे, या प्रश्नाला बहुतेक वेळा क्रमवारीने उत्तर देतो. हे पोलाद त्याच्या वरचे, ते याच्या खालचे, आणि किंमतही त्याच हिशेबाने. अशी सरसकट क्रमवारी लावताच येत नाही, असे माझे ठाम मत आहे. ती सांगून विकलेले पुष्कळ महागडे चाकू वर्षभरात बोथट होऊन ड्रॉवरमध्ये पडतात.

पात्याकडून आपल्याला हवे असते ते असे: धार लवकर झिजू नये, टवका उडू नये, गंज धरू नये, आणि बोथट झाल्यावर धार परत चढावी. झीज सोसण्याचे काम मुख्यतः कार्बाइड करतात, म्हणजे कार्बनचा क्रोमियम, व्हॅनेडियम किंवा नायोबियमशी संयोग होऊन तयार झालेले अतिकठीण कण. ते जितके जास्त, तितकी धार जास्त टिकते. पण तडा सुरू होतो तोही याच कणांपाशी. नीट लावलेल्या धारेची टोकाची जाडी एका मायक्रॉनच्याही आत असते. साध्या ओतीव डी2मध्ये काही कार्बाइड वीस-तीस मायक्रॉनचे असतात. एवढा मोठा कण धारेवर आला की तो नीट घासला जात नाही, आणि सुटला की आपल्यासोबत धारेचा तुकडा घेऊन जातो. भिंगाखाली डी2च्या वापरलेल्या धारेवर जे बारीक खड्डे दिसतात त्यांचे मूळ बऱ्याचदा इथे असते.

यावरचा उपाय भुकटी धातुशास्त्राने दिला. वितळलेले पोलाद वायूच्या झोतात फवारायचे, त्याची भुकटी करायची, आणि उष्णता व दाब देऊन ती पुन्हा एकसंध करायची. एकेक कण क्षणात थिजतो, त्यामुळे कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही आणि तो दोन-चार मायक्रॉनवर थांबतो. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या क्रूसिबल कंपनीने याच पद्धतीने 2001 साली एस30व्ही आणले. 1.45 टक्के कार्बन, 14 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेले हे पोलाद कंपनीचे डिक बार्बर यांनी चाकूकार ख्रिस रीव्ह यांच्याशी सल्लामसलत करून मुद्दाम चाकूसाठी बेतले होते. पुढे 2009मध्ये थोडे व्हॅनेडियम कमी करून नायोबियम घातलेले एस35व्हीएन आले. ऑस्ट्रियाच्या बोहलरचे एम390 वेगळ्या वाटेने गेले: 1.9 टक्के कार्बन, तब्बल 20 टक्के क्रोमियम.

आकडा 20 असला तरी तेवढे सगळे क्रोमियम गंजाशी लढत नाही, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. त्यातला मोठा वाटा कार्बाइडमध्ये अडकतो. मूळ धातूत विरघळून राहते तेवढेच क्रोमियम गंजाला अडवते. डी2मध्ये 12 टक्के क्रोमियम असूनही ते कोकणच्या पावसाळ्यात ठिपके धरते ते यामुळेच. धातुशास्त्रज्ञ डॉ. लॅरिन थॉमस यांनी मॅग्नाकट बेतताना नेमकी हीच गाठ सोडवली. 2021मध्ये आलेल्या या पोलादात क्रोमियम जेमतेम 10.7 टक्के आहे. पण योग्य पाणी दिल्यावर त्यात क्रोमियमचे कार्बाइड उरतच नाहीत, फक्त व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कण राहतात, आणि क्रोमियम जवळपास सगळेच मूळ धातूत मोकळे राहते. कमी क्रोमियम घालून जास्त गंजरोधक पाते मिळवायचे, आणि चिवटपणाही एस30व्हीपेक्षा वरचढ ठेवायचा, हे मला गेल्या वीस वर्षांतले चाकूच्या पोलादातले सर्वांत सुंदर काम वाटते.

आता निसण्याकडे येऊ. क्रोमियम कार्बाइडचा कडकपणा विकर्स मापाने साधारण 1,500 भरतो, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाचा 2,100च्या आसपास, तर व्हॅनेडियम कार्बाइडचा 2,800च्या घरात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुतोंडी दगड एक तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, नाही तर कार्बोरंडमचा. पहिला व्हॅनेडियमच्या कणापेक्षा मऊ, दुसरा फार तर बरोबरीचा. एस90व्हीमध्ये 9 टक्के व्हॅनेडियम आहे. असे पाते त्या दगडावर घासले की कणांभोवतीचा धातू झिजतो आणि कण तसेच राहतात. अर्धा-पाऊण तास घासून नखावर धार चढल्यासारखी लागते, पण टोमॅटोच्या सालीवरून पाते घसरते. पोलाद यात निर्दोष आहे. त्याला हिऱ्याची किंवा सीबीएनची प्लेट लागते, आणि ती आपण चाकूसोबत विकली नाही.

म्हणून पोलाद सुचवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा: घरी निसणा कोणता आहे, आणि धार स्वतः लावता की लावून घेता? साधा दगडच असेल तर स्वीडनचे 14सी28एन द्या. 0.62 टक्के कार्बन, 14 टक्के क्रोमियम, थोडा नायट्रोजन. कार्बाइड इतके बारीक की दहा मिनिटांत दाढी होईल अशी धार येते. दाढीच्या पात्यांसाठी बनलेले एईबी-एल याच कुळातले. दिवसभर खोकी फोडणाऱ्याला, दोरखंड कापणाऱ्याला एस90व्ही खुशाल द्या, पण हिऱ्याच्या प्लेटसकट. खाऱ्या पाण्यात हात असणाऱ्या मच्छीमाराला नायट्रोजनयुक्त एलसी200एन. आणि आपल्याकडचे कारागीर बेअरिंगच्या ईएन31मधून जी पाती करतात ती चिवट, पातळ घासता येणारी आणि कुठल्याही दगडावर धार घेणारी असतात. कैरी कापून तशीच मिटली तर ती काळी पडणार, एवढे विकतानाच सांगावे. मॅग्नाकटचे पाते हिऱ्याच्या प्लेटवर चटकन धार घेते. पैसे खर्चायची तयारी असेल तर सर्वसाधारण वापराला माझी पसंती त्यालाच.

पण यातले प्रत्येक विधान पाणी नीट दिले आहे असे धरून चालते, आणि आपल्याकडे घोटाळा तिथेच होतो. भोसरीच्या टूलरूमना डी2 रोजचे आहे. डाय-पंचसाठी एचसीएचसीआर म्हणून ते वर्षानुवर्षे हार्डन होते. डायचे माप स्थिर राहावे म्हणून ते बऱ्याचदा 500 अंशांच्या आसपास दोनदा टेम्पर करतात. डायसाठी ते योग्यच. पण तीच सवय स्टेनलेस पात्याला लागली की रॉकवेल यंत्र 60-61 दाखवते, सगळे समाधानी होतात, आणि तेवढ्यात त्या उष्णतेला जन्मलेल्या अतिसूक्ष्म कार्बाइडांनी मूळ धातूतले क्रोमियम ओढून घेतलेले असते. पाते कडक राहते, गंजरोधक राहत नाही. भट्टीवाल्याला तोंडी सांगू नका, लिहून द्या. मॅग्नाकट असेल तर सुमारे 1,120 अंशांवर तापवणे, प्लेटमध्ये दाबून झटपट थंड करणे, लगेच द्रव नायट्रोजन, आणि टेम्पर 175 ते 200 अंशांच्या दरम्यान दोनदा. पोलाद घेतानाही टीसी मागा. डिसेंबर 2024मध्ये क्रूसिबलने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हापासून माल कुठल्या गिरणीतला हे कागदावर असणे जास्तच गरजेचे झाले आहे.

धारेची भूमिती हा याच्याइतकाच मोठा विषय, आणि त्यावर आपण सर्वांत कमी बोलतो. शेफिल्डच्या काट्रा यंत्रावर पाते 5 टक्के सिलिका मिसळलेल्या कागदाच्या पट्ट्या कापते आणि किती जाडी कापली गेली ते मोजले जाते. थॉमस यांनी अनेक पोलादांच्या अशा चाचण्या घेतल्या. त्यांत कोन कमी केला की एकच पोलाद कितीतरी जास्त कापते हे स्पष्ट दिसते. धारेमागे 0.8 मिलिमीटर जाडी आणि दर बाजूला 25 अंश ठेवलेला एस90व्हीचा चाकू मी कुणाला सुचवणार नाही. त्या पैशात 0.3 मिलिमीटरपर्यंत घासलेला, 15 अंशांचा 14सी28एनचा चाकू आणि वर चांगला निसणा येतो, आणि सफरचंद दोन्ही चाकूंनी कापून पाहिले तर फरक पहिल्याच फोडीला कळतो.

पुढच्या अंकापासून या मासिकात येणाऱ्या प्रत्येक चाकूच्या परीक्षणात पोलादाच्या नावाशेजारी पात्याचा रॉकवेल कडकपणा, धारेमागची जाडी, दर बाजूचा कोन आणि धार कुठल्या दगडावर लावली हे छापले जाईल. कडकपणा उत्पादकाच्या पत्रकातून घेतला जाणार नाही, पाते मोजूनच घेतला जाईल. कारागिरांनी आणि विक्रेत्यांनीही चाकूच्या खोक्यात याच चार गोष्टींची चिठ्ठी ठेवायला सुरुवात करावी. ज्यांनी पाणी बाहेरून देऊन घेतले आहे त्यांनी टेम्परचे तापमानही त्यावर लिहावे.