दाताळ्याचं कडं

ढोलकीचा तोडा संपला की क्षणभर कडं ऐकू येतं. जत्रेत तमाशाच्या फडासमोर मांडी घालून बसायच्या वयात मला त्याचंच अप्रूप होतं. एवढासा लोखंडी त्रिकोण, पण सगळा फड त्याच्या लयीला धरून चाललेला.

परवा अमेरिकेतल्या लुईझियानाचं ‘बोसोलेय’ हे पथक ऐकताना तोच किणकिणाट कानावर आला. मायकल डुसे यांनी 1975 साली हे पथक उभं केलं. म्होरक्या व्हायोलिनवादक; तिकडे त्या वाद्याला फिडल म्हणतात. जोडीला अकॉर्डियन, आपल्या पेटीची मावसबहीणच. दोघींचा सूर धातूच्या पट्ट्या थरथरून निघतो. आणि त्रिकोण! जुने केजन वादक तो गवत ओढायच्या दाताळ्याचे मोडके दात वाकवून घडवत.

हे केजन मूळचे कॅनडातले फ्रेंच. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना गावांतून हुसकावलं. त्यातले बरेच पुढे लुईझियानात रुजले. तिथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांचं संगीत म्हणजे झायडेको. त्यात क्लिफ्टन शेनिये यांचं अकॉर्डियन गाजलं आणि छातीवर अडकवून खरवडायचा पन्हाळी पत्राही. केजनांच्या नाचरात्रीला ‘फे दो दो’ म्हणतात. तो पोरांना निजवायचा शब्द, आपलं जोजोच. लेकरं आतल्या खोलीत निजवायची आणि थोरांनी नाचायचं. आमच्याकडे राहुटीत, ढोलकीच्या आवाजात गाढ झोपलेली कलावंतांची पोरं मी पाहिली आहेत.

1921 नंतर तिथल्या शाळांत फक्त इंग्रजी उरली. फ्रेंच बोललं की शिक्षा. मग घरच्या गाण्याचीही लाज वाटू लागली. 1964 मध्ये ड्यूई बाल्फा हे फिडलवादक न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गेले. तिथे हजारोंनी दाद दिली. ती घेऊन ते गावी परतले आणि पुढे शाळाशाळांतून मुलांसमोर वाजवू लागले. मला त्यांचं हे परतणंच मोठं वाटतं.

आता आपल्याकडे बघू. संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचं (1744–1819) गाव. तमाशात शिवाजी महाराजांची भूमिका गाजवणाऱ्या कांताबाई सातारकरही इथल्याच झाल्या आणि मे 2021 मध्ये इथेच गेल्या. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी त्यांचा फड पुढे चालवला. एवढं वैभव असलेल्या गावात किती मुलांनी तुणतुण्याची तार छेडून पाहिली असेल?

पुतळे, पुरस्कार हवेतच. पण वर्षातून काही दिवस ढोलकीवाला, तुणतुणेवाला मानधन आणि मान देऊन शाळेत बोलवावा, त्याला गुरुजी म्हणावं. कडं वाजवायला हात लवकर बसतो, लय मात्र कानात मुरावी लागते. ती लहानपणीच मुरते.