धर्मशिक्षण नको, धर्मांचे ज्ञान हवे

प्राथमिक शाळेत धर्म शिकवावा काय, असा प्रश्न निघाला की पुरोगामी कार्यकर्ता ‘नको’ म्हणून मोकळा होतो. हे उत्तर समजण्यासारखे असले, तरी पुरेसे नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ अन्वये, पूर्णतः राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला अशा शिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही. ही तरतूद प्राणपणाने जपली पाहिजे. परंतु १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला होता, आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्यास संविधानाचा अडसर नसल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा खरा झगडा आहे तो काय शिकवायचे आणि कोणत्या दृष्टीने, याचा.

शाळेने मौन पाळल्याने ती तटस्थ होत नाही. अभ्यासक्रमाने मोकळी सोडलेली जागा बहुसंख्यांचे रीतिरिवाज अलगद व्यापतात. पूजा, प्रार्थना, सण हे सारे ‘आपली संस्कृती’ म्हणून पार पडते. मुसलमान विणकराचे, बौद्ध शेतमजुराचे, आदिवासीचे किंवा देव न मानणाऱ्याचे मूल त्या रांगेत मुकाट उभे राहते. सधन पालक शाळा बदलू शकतो. ज्याला जिल्हा परिषदेच्या शाळेवाचून दुसरी शाळाच नाही, त्याच्या मुलापुढे असा पर्याय नसतो. म्हणून हा प्रश्न वर्गीयही आहे.

या अज्ञानाची किंमत मुलेच मोजतात. १९८५ साली केरळातील एका शाळेने यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातील तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, मात्र श्रद्धेपायी गात नसत. त्यांतले धाकटे भावंड पाचवीत होते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला. निराळी श्रद्धा म्हणजे द्रोह नव्हे, एवढे त्या शाळेला उमगले असते, तर दिल्लीपर्यंत जाण्याची पाळी आली नसती.

महाराष्ट्राला याचा आदर्श परका नाही. १८९१ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त जोतीराव फुल्यांनी असे कुटुंब कल्पिले, की ज्यातील पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी, आणि तरीही सारे एकमेकांचा द्वेष न करता गोडीने नांदतात. यात प्रत्येकाने आपला धर्म स्वतः वाचून, विचार करून निवडलेला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

शाळेतील शिक्षणाचे सूत्र हेच असावे. शेजारी रोजा का धरतो, बौद्ध वस्तीत पंचशील का म्हणतात, वारकरी पंढरीची वाट का चालतो, आणि चार्वाकापासून आजवर अनेकांनी देव का नाकारला, हे आठ-दहा वर्षांच्या मुलाला सहज समजते. मात्र ‘सर्व धर्म सारखेच’ या गोड सुरात जातिव्यवस्था आणि स्त्रीदास्य यांवर पांघरूण घालता कामा नये. प्रश्न विचारण्याची मुभा नसेल, तर तो पुन्हा संस्कारवर्गच ठरेल.

यासाठी अधिवेशनात ठराव करून भागणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊणशे टक्के, म्हणजे तीन-चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनी कष्टकरी पालकांना घेऊन या समित्यांत बसले पाहिजे. धर्मनिरपेक्षतेची खरी कसोटी गावच्या शाळेतल्या त्या मुकाट उभ्या असलेल्या मुलापाशी लागणार आहे.