कॅन्सरची आणेवारी



2025 साली देशात कॅन्सरचे 15.7 लाख नवे रोगी होतील, असा अंदाज आयसीएमआरने 2020 साली छापला. आधार 28 नोंदणी केंद्रांचा, म्हणजे देशातल्या जेमतेम दहा टक्के लोकांचा. त्यांत बार्शी आहे, वर्धा आहे. नाशिक जिल्हा नाही. ही तर आणेवारीच! नोकरीत असताना आम्हीही रस्त्याकडेची वावरे पाहून गावाचे पीक लिहिले आहे.

बार्शीच्या ज्वारीपट्ट्यात 1987 पासून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, तेव्हा बायांचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. सुरगाण्याच्या पाड्यावर माणूस घरातच गेला, तर कारण कोण लिहितो? आणि जो वहीत नाही, त्याच्यासाठी दवाखाना कुठला?

बार्शीसारखी नोंदणी सुरगाण्यातही झालीच पाहिजे. ठराव याच सभेत मांडू.