तिसऱ्या रांगेचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कापडाची जुनी पेढी आहे. घरात माणसे पाच: पेढीचे मालक, त्यांच्या पत्नी, महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकणारी कन्या, दहावीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या दादी. वडील बंधूंचे कुटुंब पुण्यास असते. गेल्या भाद्रपदात, पर्युषणाची पारणी आटोपल्यावर, या घरात नव्या गाडीचा विषय निघाला. जुनी गाडी नऊ वर्षांची झाली होती, ती बदलणे आवश्यकच होते. त्याविषयी दुमत नव्हते. वाद होता तो पाच आसनांची घ्यावी की तीन रांगांची उंच एसयूव्ही घ्यावी, एवढाच.

मुलाचे मत ठरलेले होते. मालकांचेही मन तिकडेच ओढले जात होते. कारणे नेहमीचीच होती. पाहुणे आले तर सर्वांना एकत्र जाता येईल, तीर्थयात्रेस सोयीचे होईल, महामार्गावर मोठी गाडी सुरक्षित असते, जीएसटीही कमी झाला आहे, आणि शेवटचे, हळू आवाजातले कारण म्हणजे बाजारातील दोन समवयस्क व्यापाऱ्यांच्या दारात तशी गाडी आली होती.

यांतील प्रत्येक कारण तपासून पाहण्याजोगे आहे, कारण आपल्या समाजात आज घरोघरी हीच चर्चा चालते.

जीएसटीची गोष्ट खरी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरील 28 टक्के कर आणि त्यावरील उपकर मिळून होणारा 50 टक्क्यांपर्यंतचा बोजा 40 टक्क्यांवर आला. परंतु त्याच दिवशी 4 मीटरपेक्षा लांब नसलेल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील कर 18 टक्के झाला. म्हणजे मोठी गाडी पूर्वीपेक्षा स्वस्त झाली असली तरी लहान गाडीच्या मानाने ती आजही दुपटीहून अधिक दराने कर भरते. शिवाय अनेक व्यापारी बंधूंचा असा समज असतो की गाडी पेढीच्या नावावर घेतली म्हणजे सारे काही वजा होते. वस्तुतः चालकासह 13 आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट साध्या व्यापाऱ्यास मिळत नाही. घसारा 15 टक्के मिळतो, तोही दरवर्षी घटत्या किमतीवर, आणि घरगुती वापराचा हिस्सा त्यातून वगळावा लागतो. 30 टक्के कर भरणाऱ्याने 100 रुपये खर्च दाखविला तर 30 रुपये कर वाचतो. उरलेले 70 स्वतःच्याच खिशातून गेलेले असतात. हे इतके उघड असूनही दिवाळीपूर्वी विसरले जाते.

सुरक्षेचे म्हणाल, तर आकार आणि सुरक्षा यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. 4 मीटरच्या आतील डिझायर आणि नेक्सॉन या गाड्यांनीही अपघात चाचणीत पाच तारे मिळविले आहेत. तारे त्या त्या गाडीच्या रचनेला मिळतात, उंचीला नव्हे.

तीर्थयात्रेचा मुद्दा मात्र भावनेचा आहे, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. यात्रेला निघालेल्या आपल्या कुटुंबाचे सामान डोळ्यांसमोर आणा. उकाळलेल्या पाण्याचे कॅन, खाखऱ्याचे आणि सुक्या नाश्त्याचे डबे, पूजेची पेटी, पूजेच्या वस्त्रांची वेगळी पिशवी, आसने, आणि शिवाय कपड्यांच्या बॅगा. तिसरी रांग उघडून तीत माणसे बसविली की मागे सामानासाठी जागा उरते ती अगदी थोडी. एर्टिगासारख्या लोकप्रिय सात आसनी गाडीत ती 209 लिटर आहे, म्हणजे लहानशा हॅचबॅकपेक्षाही कमी. सात माणसे आणि सात माणसांचे सामान हे दोन्ही एकाच वेळी अशा गाडीत क्वचितच मावते. एक तर कॅरियर बांधावा लागतो, नाही तर सामानाची दुसरी गाडी. (ज्या साधू-साध्वीजींच्या दर्शनाला ही सारी तयारी निघते, ते मात्र शेकडो किलोमीटरचा विहार पायी करून तेथे पोहोचलेले असतात, हेही मनात येतेच.)

या घरात निर्णयाला वळण दिले ते कन्येने. पेढीत एक दैनंदिनी असते. गाडी कोठे गेली, किती लिटर डिझेल भरले, कोण बरोबर होते, याची नोंद मालक स्वतः करतात. मुलीने मागील वर्षाची दैनंदिनी काढली आणि पाचपेक्षा अधिक माणसे गाडीने जाणार होती असे दिवस मोजले. ते 11 निघाले. त्यांपैकी 4 दिवस पुण्याच्या काकांची गाडी सोबत होतीच.

मग तिने कागदावर आकडे मांडले. पाच आसनी गाडी रस्त्यावर येईपर्यंत 12 लाख, तीन रांगांची डिझेल गाडी 24 लाख. वरचे 12 लाख 9 टक्के व्याजाने 7 वर्षांच्या कर्जावर घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 19,300 रुपये आणि एकूण परतफेड 16 लाख 22 हजार. मोठी गाडी विकताना 4 लाख अधिक येतील असे उदारपणे धरून ते वजा केले. 11 ऐवजी वर्षाला 20 दिवस धरले, म्हणजे 7 वर्षांत 140 दिवस. मागच्या त्या दोन आसनांचे दिवसाचे भाडे 8,700 रुपयांच्या घरात गेले, तेही डिझेल वेगळे. चालकासह सात आसनी गाडी किलोमीटरला 20 रुपयांनी 300 किलोमीटरसाठी ठरविली तर 6,000 रुपये होतात आणि त्यात डिझेल आले.

“पप्पा, आणि सात वर्षांनी घरात किती जण असू?” तिने विचारले.

या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. दोन वर्षांत मुलगा शिक्षणासाठी पुण्यास जाईल, मुलीचे लग्न होईल. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा गाडीत बसायला उरणार तीन माणसे.

आणखी एक हिशेब मालकांचा स्वतःचा होता. तो त्यांनी मोठ्याने मांडला नाही. सुरुवातीला भरावयाचे 6 लाख कॅश क्रेडिट खात्यातून काढावे लागणार होते. दिवाळीच्या तोंडावर हे खाते आधीच मर्यादेपर्यंत वापरलेले असते. इचलकरंजीच्या आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांना मुदतीआधी रक्कम पाठविली की 2 टक्के वटाव मिळतो. 6 लाखांच्या मालावर तो एका फेरीत 12,000 रुपये होतो, आणि मोसमात अशा दोन-तीन फेऱ्या होतात. वटावापेक्षा महत्त्वाचे असे की, पैसे वेळेआधी येतात म्हणूनच तंगीच्या दिवसांत या पेढीला माल आधी मिळतो. बाजारातील पत दारातील गाडी पाहून ठरत असेल असे काहींना वाटते. माल देणारा मात्र दार पाहायला येत नाही.

तरीही मुलाच्या आग्रहाखातर सारे कुटुंब शोरूमला गेले. दादींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. मालक म्हणाले, “बाई, तुम्ही बसून पाहा. तुमच्यासाठीच तर घ्यायची.” दादींनी पायदानावर डावा पाय ठेवला, वरची मूठ धरली, आणि उजवा पाय उचलता येईना. सूनबाईंनी एका बाजूने आणि विक्रेत्या मुलाने दुसऱ्या बाजूने आधार दिला तेव्हा त्या कशाबशा वर गेल्या. उतरताना त्याहून अधिक त्रास झाला. तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी मधले आसन दुमडून वाकून शिरावे लागते. तो प्रयत्न कोणी केलाच नाही.

“रोज सकाळी चौदा नियम धारते, त्यात वाहनाची मर्यादा असते,” दादी घरी येऊन म्हणाल्या. “या गाडीत मला चढताच येणार नाही, तर तो नियम आपोआपच पाळला जाईल.” त्या हसत होत्या, पण मालक हसले नाहीत.

एकाच चुलीवर सात-आठ माणसे जेवतात, दुकान आणि शेती दोन्ही सांभाळून सर्वांची ये-जा रोजची असते, अशी घरे आपल्याकडे आजही आहेत. त्यांना तीन रांगांची गाडी लागते आणि तिच्यावरचा खर्च अवाजवी म्हणता येत नाही. तेथेही उंच एसयूव्हीपेक्षा खालच्या तळाची, सरकत्या किंवा रुंद दारांची सात आसनी गाडी वृद्धांना मानवते आणि बहुधा स्वस्तही पडते. जुन्या पेठांतील गल्ल्यांचाही विचार करावा. 1,917 मिलिमीटर रुंदीची स्कॉर्पिओ-एन आणि मालाचा टेम्पो एकमेकांसमोर आले की दोघांपैकी एकाला पार वेशीपर्यंत मागे जावे लागते.

धनत्रयोदशीस या घरी पाच आसनांची, बसायला सोपी गाडी आली. मुलगा दोन दिवस फारसे बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच दादींना पुढच्या आसनावर बसवून स्थानकात घेऊन गेला, चालवायला अर्थातच मालक होते. मे महिन्यात दोन्ही भावांची कुटुंबे मिळून पालिताण्यास जाण्याचे ठरले आहे. त्यासाठी 17 आसनांची ट्रॅव्हलर आताच सांगून ठेवली आहे आणि पाण्याचे कॅन मागच्या दोन आसनांवर ठेवावयाचे आहेत.